ट्रोलिंगला बोटीचा स्पीड नक्की किती ठेवायचा? प्रत्येक माशाला वेगळा का?

खोलपाणी
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतोय. ट्रोलिंगचा, म्हणजे चालत्या बोटीमागे ल्युअर (नकली आमिष) ओढत मासे पकडतानाचा स्पीड कोणाला विचारावा तर प्रत्येकाचा आकडा वेगळा, कोणी ५ नॉट (१ नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर) म्हणतं, कोणी ८, वाहू माशाच्या मागे लागलेले लोक तर सरळ १४ सांगतात. मी जीपीएसवर ६ नॉट लावतो आणि मागे चार दोऱ्या सोडतो, दोन डायव्हिंग प्लग (पुढच्या जिभेमुळे पाण्याखाली जाणारे माशाच्या आकाराचे ल्युअर), एक स्कर्टवाला (मागे झालर असलेला) ल्युअर आणि एक स्पून (चमच्यासारखा धातूचा ल्युअर). आता होतं काय, एका दिशेने जाताना प्लगला सुरमई लागते, आणि बोट वळवून त्याच पट्ट्यातून परत आलो की शुकशुकाट. आकडा तोच ६, ल्युअर तेच, पाणी तेच. मग फरक कुठे पडतोय? आणि ट्यूना, माही-माही, बाराकुडा यांच्यासाठी स्पीड बदलायचा असेल तर कशाच्या आधारावर बदलायचा, हे कोणी नीट समजावून सांगेल का?

दर्याचा_माणूस
पाणी तेच नाहीये दादा, तिथेच सगळी मेख आहे. जीपीएस तुम्हाला जमिनीच्या हिशोबाने वेग दाखवतो आणि ल्युअर चालतो पाण्याच्या हिशोबाने. समजा प्रवाह दीड नॉटचा आहे, तर प्रवाहासोबत जाताना स्क्रीनवर ६ दिसत असले तरी तुमच्या प्लगला फक्त साडेचारचं पाणी लागतंय, आणि उलट फिरलात की तोच प्लग साडेसातने ओढला जातोय. म्हणजे एकाच आकड्याखाली ३ नॉटचा फरक! बहुतेक डायव्हिंग प्लग ४ ते ६ नॉटच्या आसपास खुशीत चालतात, त्यावर गेलं की पुढची जीभ पाण्याला धरून राहत नाही, प्लग आडवा होतो, गोल फिरतो किंवा सरळ वर येऊन फरफटत राहतो. तुमच्या दोन फेऱ्यांपैकी एकीत नेमकं हेच होत असणार.

यावर उपाय म्हणजे आकडा विसरा आणि रॉडचं टोक बघा. प्लग बरोबर चालत असेल तर टोक बारीक, एकसारखं थरथरत राहतं. थरथर थांबली आणि टोक नुसतं वाकून बसलं तर एकतर गळाला शेवाळ किंवा कचरा अडकलाय नाहीतर वेग जास्त झालाय. ल्युअर लांब सोडण्याआधी बोटीच्या बाजूला चार-पाच हात दोरी देऊन पाण्यात धरा आणि थ्रॉटल हळूहळू वाढवत बघा, कुठे तो हलायला लागतो आणि कुठे भरकटतो ते डोळ्यांनी दिसतं. ज्या वेगाला भरकटला त्याच्या थोडं खाली राहायचं. मी तर म्हणेन प्रत्येक नव्या ल्युअरला हे केल्याशिवाय पाण्यात सोडूच नका.

निळीरेघ
वरचं शंभर टक्के बरोबर. आता माशांचं सांगतो, पण हे सगळे आकडे पाण्यातल्या वेगाचे आहेत, स्क्रीनवरच्या नाही. सुरमई, बाराकुडा प्लगवर ४ ते ६. छोट्या फेदरवर (पिसांच्या ल्युअरवर) ट्यूना, माही-माही साधारण ६ ते ८. मार्लिनसाठी मोठे स्कर्टवाले ल्युअर ७ ते ९. वाहू वेगळं प्रकरण आहे, तो इतका वेगवान मासा आहे की १२ ते १६ नॉटला ओढलेल्या ल्युअरवरही मागून येऊन पडतो, आणि त्या वेगाचा फायदा असा की कमी वेळात खूप पाणी पालथं घालता येतं. पण त्यासाठी सगळं साहित्यच वेगळं लागतं, ल्युअरच्या पुढे जड शिसं, वायरचा लीडर (ल्युअरला जोडलेला दोरीचा शेवटचा तुकडा), जाड रॉड. साध्या सेटवर १४ ने पळवायला जाऊ नका, कारण पाण्याची ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, ६ चे १२ नॉट केले की ओढ दुप्पट नाही, जवळजवळ चौपट होते, आणि मासा लागायच्या आधीच रीळमधून दोरी सुटायला लागते.

स्कर्टवाल्या ल्युअरला मात्र रॉडचं टोक काही सांगत नाही, तिथे नजर मागच्या पाण्यावर पाहिजे. चांगला चालणारा ल्युअर वर येऊन हवेचा घोट घेतो, मग खाली जाताना मागे पांढऱ्या बुडबुड्यांची शेपूट सोडतो, काही सेकंद खाली राहतो आणि परत वर. तो सारखा हवेत उड्या मारत असेल तर वेग कमी करा किंवा दोरी पाण्याच्या जवळ आणा, आणि वर येतच नसेल, बुडबुडे दिसत नसतील, तर थोडा वाढवा. बोटीमागे ज्या लाटा उठतात त्यांच्या पुढच्या उतारावर तो बसला पाहिजे, लाटेच्या पाठीवर असला की फेसात हरवतो आणि माशाला दिसत नाही.

आणि खोलपाणी, तुमचा खरा घोळ त्या मिश्र सेटमध्ये आहे. प्लगला ५ पाहिजे आणि स्कर्टला ७ ते ८, तुम्ही मध्ये ६ धरता, म्हणजे दोघांचीही उपासमार. एकतर सगळे प्लग लावा नाहीतर सगळे स्कर्ट. मिसळायचेच असतील तर सगळ्यात हळू चालणाऱ्या ल्युअरला सोसेल तोच स्पीड धरा.

संथवाहते
सगळे वेगाचंच बोलताहेत म्हणून हळूचीही बाजू मांडतो. जिवंत आमिष लावलं असेल तर १ ते ३ नॉट, बोट जेमतेम सरकली पाहिजे, त्याहून जास्त ओढलं की आमिष गुदमरून मरतं. मेलेला मासा नीट शिवून लावला असेल तर ४ ते ६ पर्यंत टिकतो, पुढे पोट फाटून चिंध्या होतात. तलावात ट्राउट, वॉलायसाठी तर नॉटमध्ये बोलतच नाहीत, ताशी २ ते ४ किलोमीटर, सॅमनला त्याहून थोडं जास्त. पाणी थंड असेल तर अजून कमी, कारण बहुतेक माशांचं अंग पाण्याइतकंच गार असतं, गारठ्यात ते पाठलाग करायला जात नाहीत.

आता अडचण अशी की बरीच इंजिनं आयडलवर सुद्धा ३-४ नॉट देतात. दोन इंजिनं असतील तर एकच चालवा, नाहीतर पाण्यात ओढायची कापडी पिशवी मिळते ती बाजूला बांधा, बोट लगेच मंदावते. सारखं गिअरमध्ये टाकून काढून करणं मला पटत नाही, ल्युअर कधी बुडतो कधी धावतो, कशावर मासा लागला तेच कळत नाही.

खोलपाणी
मंडळी, मनापासून आभार, प्रवाहाचा हिशोब आता डोक्यात बसला. एक शंका उरली, प्रवाहाचा वेग मोजायला माझ्याकडे काहीच नाही, मग पाण्यातला स्पीड ओळखायचा कसा? आणि प्लग खोल न्यायचा असेल तर स्पीड वाढवून जातो का?

दर्याचा_माणूस
इंजिन न्यूट्रल करून बोट सोडून द्या आणि जीपीएस बघा, वारा नसेल तर जो आकडा दिसेल तोच जवळपास प्रवाह. वारा असला की बोट वाऱ्यानेही सरकते, तेव्हा आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात त्यावर) भरवसा ठेवा, एकाच आरपीएमला दोन्ही दिशांनी जाऊन दोन आकडे घ्या, त्यांची सरासरी म्हणजे त्या आरपीएमचा पाण्यातला वेग. तो लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी स्क्रीनऐवजी आरपीएम धरून चाला.

खोलीचं म्हणाल तर प्लग किती खाली जाणार हे त्याची जीभ, दोरीची जाडी आणि किती दोरी सोडलीय यावर जास्त ठरतं. बारीक दोरी घ्या, लांब सोडा. शिसं लावून ओढत असाल तर उलटंच होतं, वेग वाढवला की ते वर उचललं जातं.

अजून एक, सरळ रेषेत जाऊ नका, नागमोडी चालवा. वळणावर आतल्या बाजूची दोरी मंदावते आणि बाहेरची वेग घेते. मासा सारखा बाहेरच्या दोरीला लागत असेल तर थ्रॉटल अर्धा नॉट वाढवा, आतल्याला लागत असेल तर कमी करा.