मरुत, ऐरावत आणि अर्ध्यावर सोडलेली विमानं: आपण घाई केली का?

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 निवृत्त झालं, तेव्हापासून आमच्या कट्ट्यावर हा वाद पेटलाय. इथे मुद्दाम मांडतोय, कारण या भागात घरटी नाही तरी गल्लीटी एक फौजी आहे आणि माहितगार लोक वाचतात. लढाऊ आणि टेहळणी विमानांचे स्वतःचे प्रकल्प आपण अर्ध्यावर सोडले आणि त्याची किंमत अजून फेडतोय, असं माझं ठाम मत आहे.

एचएफ-24 मरुत या आपल्या लढाऊ विमानाचं बघा. जर्मन अभियंता कुर्ट टँक 1956 मध्ये बंगळूरला आले आणि 17 जून 1961 ला मरुत पहिल्यांदा उडालं. (आपलं साताऱ्याचं सैनिक स्कूल त्यानंतर सहाच दिवसांनी, 23 जूनला सुरू झालं. काय दिवस असतील ते!) सांगाडा ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या हिशेबानं आखलेला, पण त्याला शोभेल असं इंजिन कधी मिळालंच नाही. ब्रिटनमध्ये ऑर्फियस इंजिनाची जास्त ताकदीची आवृत्ती होणार होती, तिच्या विकासाचा खर्च उचलायला आपण तयार झालो नाही. इजिप्तच्या इंजिनाचा प्रयत्नही फसला. मग कमी ताकदीच्या ऑर्फियस 703 वरच भागवलं. तरीही 1971 ला राजस्थान आघाडीवर मरुतनं चोख काम केलं. एकूण 147 विमानं बनली. ताकद वाढवलेल्या आवृत्तीच्या चाचणीत 10 जानेवारी 1970 ला ग्रुप कॅप्टन सुरंजन दास यांच्यासारखा कसलेला चाचणी वैमानिक आपण गमावला. पुढे 1978 ला परदेशी जग्वार विमान निवडलं आणि मरुतची पुढची पिढी कागदावरच राहिली. तेजसला मंजुरी 1983 ला, पहिलं उड्डाण 4 जानेवारी 2001 ला. मरुत घडवणारी माणसं तोवर निवृत्त झाली होती, पांगली होती. सगळं पुन्हा श्रीगणेशापासून.

टेहळणीत तेच. ऐरावत नावाचा प्रकल्प होता. एचएस-748 विमानाच्या पाठीवर फिरत्या रडारची भली मोठी तबकडी. 11 जानेवारी 1999 ला ते अरक्कोणमजवळ कोसळलं, आठ जण गेले, त्यात शास्त्रज्ञही होते. प्रकल्प बंद. त्याच वर्षी मे महिन्यात कारगिल. आपलं पहिलं स्वदेशी नेत्र विमान हवाई दलाला मिळालं ते 2017 ला. मधली अठरा वर्षं कुणाच्या खात्यावर लिहायची?

कोरेगावकर_निवृत्त

दादा, तुमची कळकळ पोचली, पण मी उलट बाजूचा.

मी हवाई दलात जमिनीवरचा माणूस, फोटो सेक्शनला होतो. टेहळणी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं वैमानिक येतो, आमच्या डोळ्यांपुढं फिल्म यायची. विमान थांबलं की कॅमेऱ्याचं मॅगझिन काढायचं, अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायची, वाळवायची, आणि लागोपाठचे दोन फोटो शेजारी ठेवून स्टिरिओस्कोपमधून बघायचं. दोन्ही फोटोंत साठेक टक्के भाग तोच असतो, म्हणून डोंगर डोळ्यासमोर उभा राहतो. सपाट फोटोत जो नुसता काळा ठिपका असतो, तो इथं तंबू निघतो. फोटोची वेळ ठाऊक असली की सावलीवरनं उंची काढता येते. बर्फावरची चाकांची वाट तर काही केल्या लपत नाही. आणि हे सगळं घाईत, कारण वर कुणीतरी त्या फोटोसाठी खोळंबलेलं असायचं.

ते फोटो कॅनबेरा विमानानं आणलेले असायचे, आणि कॅनबेरा ब्रिटिश. आमचे वैमानिक जग्गी नाथ साहेबांनी 1960 ते 62 मध्ये अक्साई चीन आणि तिबेटवर जाऊन चिनी फौजेची जमवाजमव टिपली ती कॅनबेरातूनच. 1962 आणि 1965, दोन्ही वेळा महावीरचक्र. स्वदेशी विमान होईस्तोवर थांबा, असं त्यांना कोण सांगणार होतं?

धोका काय असतो तेही ऐका. 10 एप्रिल 1959, ईदचा दिवस. रावळपिंडीवर आपलं कॅनबेरा पाकिस्तानच्या सेबर लढाऊ विमानानं पाडलं. सेनगुप्ता आणि रामपाल दोघं उडी मारून वाचले, पकडले गेले, मग सुटले. चाळीस वर्षांनी, 21 मे 1999 ला, बटालिकवर त्याच जातीच्या विमानाला खांद्यावरून डागलेलं क्षेपणास्त्र लागलं. स्क्वाड्रन लीडर पेरुमल यांनी एका इंजिनावर ते श्रीनगरला आणलं. म्हणजे 1999 लाही आम्ही 1940 च्या दशकातल्या आराखड्याचं विमान त्या दरीत पाठवत होतो. ते शेवटी निवृत्त झालं 2007 ला.

माझा राग आहे तो यावर. मरुत बंद पडलं म्हणून नाही. त्या दिवशी बाजारात जे सगळ्यात चांगलं मिळतं ते त्या पोराच्या हाताखाली द्या. मिग-25 घेतलं ना आपण 1981 ला? बरेलीची ट्रायसॉनिक्स स्क्वाड्रन, ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट वेग. 2006 पर्यंत चाललं आणि शत्रूला एकही पाडता आलं नाही.

मिरजकर_ताई

काका, तुमच्याच उदाहरणावरून विचारते. जग्गी नाथ जीव धोक्यात घालून फोटो आणत होते आणि दिल्लीत त्यांचं कुणी मनावर घेतलं नाही, हे त्यांनी स्वतः नंतर मुलाखतींतून सांगितलंय. मग विमान देशी की परदेशी हा पुढचा प्रश्न. मुळात माणूस का पाठवायचा?

1 मे 1960 ला अमेरिकेचं यू-2 टेहळणी विमान रशियानं पाडलं. इतक्या उंचीवर कुणी पोचत नाही अशी खात्री होती. वैमानिक गॅरी पॉवर्स कैदेत गेला, 1962 ला बर्लिनजवळच्या पुलावर अदलाबदलीत सुटला. त्याच 1960 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या कोरोना या टेहळणी उपग्रहाची फिल्म परत आली, आणि त्या एका फेरीत सोव्हिएत भूमीचा जितका भाग टिपला गेला तितका यू-2 च्या सगळ्या फेऱ्यांत मिळून टिपला गेला नव्हता. एप्रिल 1969 मध्ये उत्तर कोरियानं अमेरिकेचं ईसी-121 टेहळणी विमान पाडलं, 31 माणसं गेली. ऑगस्ट 1999 मध्ये आपणच कच्छच्या सीमेवर पाकिस्तानचं अटलांटिक गस्ती विमान पाडलं, 16 जण गेले. त्यांच्याही घरी कुणीतरी वाट बघत होतं.

माझा मामेभाऊ नौदलात गस्तीच्या विमानावर आहे. तो सुट्टीवर आला की मामी त्याला काहीच विचारत नाही, नुसतं पुढ्यात वाढत राहते. मला हे प्रश्न पुस्तकी वाटत नाहीत.

कोरेगावकर_निवृत्त

ताई, तुमच्या मामीला नमस्कार सांगा. आमच्या घरीही हेच चालायचं.

पण उपग्रह कधी डोक्यावर येणार हे समोरच्यालाही गणितानं कळतं, तेवढा वेळ तो ताडपत्री ओढून बसतो. ढग आले की साधा कॅमेरा आंधळा. क्युबात रशियाची क्षेपणास्त्रं सापडली ती कोरोना आल्यानंतर दोन वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1962 ला, आणि ती यू-2 लाच सापडली. त्यापायी 27 तारखेला यू-2 चा वैमानिक मेजर अँडरसन गेला, हेही खरं.

आता मात्र पद्धत बदललीय. नेत्रसारखं विमान आपल्याच हद्दीत राहून शेकडो किलोमीटर आत बघतं. माणूस आहे, पण तो पूर्वीसारखा शत्रूच्या डोक्यावर जात नाही. ड्रोनही घेतोय आपण, 31 एमक्यू-9बी चा करार 2024 ला झाला. ते पाडता येत नाही असं नव्हे. 2019 ला इराणनं अमेरिकेचं ग्लोबल हॉक पाडलंच. पण त्या दिवशी कुणाच्या घरी तार गेली नाही.

कृष्णा_कोयना (कराड)

धागाकर्त्याशी मी सहमत नाही आणि माझं कारण वेगळं आहे.

यशवंतराव नोव्हेंबर 1962 मध्ये संरक्षणमंत्री झाले तेव्हा समोर काय ताट होतं ते आठवा. चीननं झोडपलेलं, पाकिस्तान टपलेला. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं आपण अभिमानानं म्हणतो, तर सह्याद्रीनं काय केलं? 1964 ला ओझरला मिगचा कारखाना उभा राहिला. परवान्यावर का होईना, आपल्या माणसांनी शेकडो विमानं बांधली. 1971 ला आभाळ सांभाळलं त्यात मिग-21 चा वाटा मोठा. पहिलं इंजिन मिळेना म्हणून दुसऱ्या इंजिनाच्या मागं, ते मिळेना म्हणून तिसऱ्याच्या मागं, असं मरुतपायी ते धावत बसले असते तर?

दुसरं, प्रकल्प सोडला म्हणजे देश बुडाला असं नसतं. इस्रायलचं लावी विमान 1986 च्या शेवटच्या दिवशी उडालं आणि 30 ऑगस्ट 1987 ला मंत्रिमंडळानं 12 विरुद्ध 11 मतांनी बंद केलं. एका मतानं! पण तो पैसा आणि ती डोकी रडार, क्षेपणास्त्रं, ड्रोनकडे वळली. ऐरावत बंद पडल्यावर आपण टेहळणीचं फाल्कन रडार कुणाकडून घेतलं? इस्रायलकडूनच. 2004 ला करार, 2009 ला पहिलं विमान आलं. लावी सोडणाऱ्यांनी आपल्याला डोळे विकले, दादा.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

कराडकर, लावीचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं. आता त्याला कॅनडाचं जोडून बघा. त्यांचं अॅव्हरो अॅरो लढाऊ विमान मार्च 1958 ला उडालं, 20 फेब्रुवारी 1959 ला सरकारनं बंद केलं. एका दिवसात हजारो लोक घरी. तयार विमानं कापून भंगारात घातली, आराखडे नष्ट केले. तिथले तिशीभर अभियंते नासात गेले आणि अमेरिकेच्या अंतराळयानांवर राबले. कॅनडानं त्यानंतर स्वतःचं लढाऊ विमान कधी बनवलं नाही.

लावी आणि अॅरो दोन्ही बंद पडली, पण इस्रायलनं माणसं हातची जाऊ दिली नाहीत, कॅनडानं जाऊ दिली. मरुतच्या वेळी आपण कॅनडा झालो. ओझरला आपण बांधायला शिकलो, आखायला नाही. ओझरबद्दल मला आदर आहे, तिथूनच 17 ऑक्टोबर 2025 ला तेजस मार्क-1ए उडालं. पण त्याचं इंजिन बघा कुणाचं आहे.

कुपवाड_फाउंड्री (सांगली)

इंजिनाचा विषय निघाला म्हणून लिहितो. वीस वर्षं ओतकामात आहे. आम्ही पंपाचे आणि इंजिनाचे भाग ओततो, विमानाचं काही नाही. पण धातू कसा वागतो ते हाताला कळतं.

जेट इंजिनाच्या टर्बाइनचं पातं तळहाताएवढं. त्याच्यावरून जाणारा वायू त्या धातूच्या वितळण्याच्या तापमानापेक्षा जास्त तापलेला असतो. म्हणजे भर भट्टीत उभं राहायचं आणि वितळायचं नाही, वर मिनिटाला हजारो फेरे. म्हणून पात्याच्या पोटात हवेच्या बारीक नळ्या असतात. त्या ड्रिलनं पाडता येत नाहीत. आधी सिरॅमिकचा नाजूक कोअर करायचा, त्याच्यावर मेण, मेणावर कवच, मेण वितळवून काढायचं, धातू ओतायचा आणि शेवटी रसायनानं कोअर विरघळवायचा. कोअर केसभर हलला की पातं बाद. त्यात चांगलं पातं एकाच स्फटिकाचं लागतं. आमच्या कास्टिंगमध्ये असंख्य कण असतात आणि तापमान वाढलं की त्यांच्या सीमांवरूनच तडा जातो. ती सीमाच ठेवायची नाही, म्हणून साचा भट्टीतून अगदी सावकाश खाली सरकवत एकच स्फटिक वर वाढवायचा. आमच्याकडे नव्या जॉबला पहिल्या महिन्यात रिजेक्शन किती येतं ते इथल्या कुणालाही विचारा. आता या पात्याचा विचार करा.

हे नकाशा बघून जमत नाही. लागोपाठ वर्षानुवर्षं बाद माल काढत, तो कापून बघत शिकावं लागतं. तेजससाठीच्या आपल्या कावेरी इंजिनाचं काम 1980 च्या दशकाअखेर सुरू झालं आणि 2008 ला तेजसपासून वेगळं केलं, कारण वजन जास्त आणि ताकद कमी. मार्क-1ए ची अमेरिकन इंजिनं जवळजवळ दोन वर्षं उशिरा यायला लागली, तोवर सांगाडे कारखान्यात उभे. मरुतलाही इंजिनच आडवं आलं होतं. म्हणून कोरेगावकर काकांनी सांगितलेलं विमान खुशाल घ्या, पण इंजिनाची भट्टी एक दिवस थंड पडू देऊ नका.

शाहूपुरीकर (सातारा)

सगळे 1961 वर अडकलेत. आपल्याला 42 स्क्वाड्रन मंजूर आहेत, मिग-21 गेल्यावर हातात 29. आधी ते खड्डे बुजवा, अभिमान नंतर.

मिरजकर_ताई

ऐरावतमधले आठ जण राहूनच गेले. चाचणी लवकर उरकायची घाई होती की नव्हती, हे सामान्य माणसाला कधी कळतं का? प्रकल्प बंद करू नका म्हणताना चाचणीची मुदत पुढे ढकलायची मोकळीकही शास्त्रज्ञांना असू द्या. सुरंजन दासही चाचणीतच गेले.

कोरेगावकर_निवृत्त

ताईंचं शंभर टक्के मान्य. कुपवाडकरांचंही मान्य, कावेरीला पैसा द्या, मी आडवा येणार नाही. आता तर ते मानवरहित विमानासाठी वापरायचं चाललंय, ती वाट चांगली आहे.

पण धागाकर्त्या दादांशी माझं अजून जमत नाही. ऐरावत बंद केलं ते त्या दिवशी बरोबरच होतं. तबकडीचा नाद सोडला, 2004 ला नव्यानं सुरुवात केली, परदेशी एम्ब्राएर विमानाच्या पाठीवर आपलं रडार बसवलं आणि नेत्र तयार झालं. विमान त्यांचं, नजर आपली. मरुतलाही असंच करता आलं असतं, इंजिन त्या वेळी मिळेल ते, कुणाकडूनही.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

काका, मिळत असतं तर घेतलंच असतं की. इंग्रजांकडे मागितलं, इजिप्तबरोबर करून पाहिलं. 1998 ला अणुचाचणी केली तर अमेरिकेत तेजसच्या उड्डाण-नियंत्रणावर काम करणाऱ्या आपल्या शास्त्रज्ञांना परत पाठवलं. ‘मिळेल ते’ हे देणाऱ्याच्या मर्जीवर असतं. पण 1999 ते 2004 या पाच वर्षांत ऐरावतची माणसं एकत्र ठेवली होती की पांगवली, यावर नेत्र लवकर आलं की उशिरा हे ठरतं. तुमच्या ओळखीत ऐरावतवर काम केलेलं कुणी असेल तर त्यांना इथे लिहायला सांगा. त्यांनी सांगितलं की माणसं जागेवरच होती, तर ऐरावतपुरता मी माझा मुद्दा मागे घेईन. मरुतपुरता नाही.