भाऊ दाजी लाड: वारसा जपणारे, की नुसते वाचणारे?

कातळखूण
भाऊ दाजींचं नाव निघालं की गोरगरिबांना फुकट औषध देणारे डॉक्टर आणि राणीच्या बागेतलं म्युझियम, एवढंच लोक सांगतात. म्युझियमचं श्रेय त्यांना जरा जास्तच मिळतं असं माझं मत. पायाभरणी 1862, दारं उघडली 1872. भाऊ समितीचे सचिव होते हे खरं, पण इमारतीला त्यांचं नाव मिळालं 1975 मध्ये. शिवाय मूळ संग्रह कलाकुसर, उद्योग आणि मातीच्या प्रतिकृती यांचा होता, पुरावस्तूंचा नव्हे.

जतनाचं त्यांचं खरं काम शिलालेखांच्या नकलांमध्ये आहे. चाळीसगावजवळ पाटण्याचा लेख त्यांनी शोधून 1865 मध्ये प्रसिद्ध केला. शके 1128 मधला हा लेख. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, हे त्यामुळे कळलं. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, हा वरचा लाभ.

मोडीवाला
सहमत नाही. कागदावर उतरवणं म्हणजे नोंद, जतन नव्हे. पाटण्याच्या देवळाचा एक चिरा तरी भाऊंनी सावरला का? आणि वाचनं कुठे टिकली? कालिदास म्हणजे काश्मीरचा मातृगुप्त, हे त्यांचं मत आज कोणी धरत नाही. अजिंठ्याच्या 16 नंबरच्या लेण्यातला वाकाटक राजघराण्याचा लेखही भाऊंनी वाचला होता, तो पुढे लेखतज्ज्ञ वा. वि. मिराशींना नव्याने संपादावा लागला.

कातळखूण
वाचन चुकलं तर दुसरा सुधारतो, दगड गेला तर काय सुधारणार? अजिंठ्याचंच घ्या. मुंबईचेच दुसरे डॉक्टर, जेम्स बर्ड. संग्रहालयात ठेवायचं म्हणून 17 नंबरच्या लेण्यात रंगवलेल्या चक्रातून चार रंगीत आकृत्या त्यांनी सोलून काढल्या. गिलाव्यावरचा रंग तो, सुटताच भुगा होतो. पुढे 1920 नंतर निजामाने इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी दिलेलं लाखेचं रोगण पिवळं पडलं आणि ते काढण्यात पुढची दशकं गेली. हात लावण्यापेक्षा नक्कल करणं मला तरी शहाणपणाचं वाटतं.

शिळाछाप
नक्कल म्हटली की सगळ्या एकाच मापाने मोजू नका. त्या काळी पुष्कळ नकला डोळ्याने पाहून काढलेल्या असत. नक्कल करणाऱ्याला लिपी येत नसली की तो तडासुद्धा अक्षर म्हणून काढतो. कागदी ठसा वेगळा. दगड पाण्याने आणि काथ्याच्या ब्रशने धुवायचा, तारेचा ब्रश अजिबात नाही. शेवाळ भिजवून बांबूच्या काडीने काढायचं. खळ नसलेला कागद भिजवून लावायचा, मधून कडेला हवा काढत न्यायचा आणि ब्रशने ठोकून अक्षरांत बसवायचा. कागद ओलसर असतानाच काजळ-डिंकाची शाई लावलेली गादी हलक्या हाताने टेकवायची. गादी आधी फळीवर टेकवून जास्तीची शाई काढली नाही तर अक्षरांची पोटं भरतात. कागद फार ओला असला तर शाई पसरते. फार सुकला तर सुटून सरकतो आणि अक्षर दुहेरी उमटतं.

आपल्या काळ्या दगडात आणखी एक फसगत आहे. बेसाल्टमधली वायूची भोकं ठशात अनुस्वारासारखी दिसतात. छिन्नीच्या खाचेला उतरत्या बाजू असतात, भोकाचा काठ गोल गुळगुळीत असतो. ठशावर हा फरक कळत नाही. दगडावर तिरपा उजेड टाकूनच बघावा लागतो.

आणि रंगाने लिहिलेल्या लेखावर ओला कागद लावलात तर बर्डसाहेबांचाच कित्ता गिरवाल.

भायखळाकर
शिळाछाप, मग हे श्रेय भाऊंचं कसं? पैसा आणि प्रश्न भाऊंचे, पाय आणि हात भगवानलाल इंद्रजींचे. जुनागढचा हा तरुण 1861 मध्ये मुंबईला आला आणि भाऊंसाठी लेख उतरवत हिंडला. भाऊ 1874 मध्ये गेले तेव्हा तो नेपाळात होता. पुढे 1882 मध्ये मुंबईजवळच्या सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप उकरला तो त्यानेच. भाऊंच्या निबंधांखाली त्याचं नाव किती ठळक आहे ते पाहा.

मोडीवाला
नेमकं. आणि भाऊंना माहिती हातची राखायची सवयच होती. महारोगावर कडू कवठीचं तेल ते देत, गुण येत असे म्हणतात, पण उपचाराची पद्धत वेळेवर छापली नाही. तीच त्यांच्यावरची मोठी टीका. ज्याला औषधाची कृती जपून ठेवता आली नाही, त्याला वारशाचा रक्षक कसं म्हणायचं?

कातळखूण
तेलाबाबत तुमचं मान्य, ती उणीवच. त्या जातीच्या बियांचं तेल पुढे जगभर टोचलं गेलं, डॅप्सोन हे नवं औषध येईपर्यंत. भाऊंनी मात्रा आणि निकाल छापले असते तर त्यांच्यामागच्यांचं काम सोपं झालं असतं. पण लेखांच्या बाबतीत ते उलट वागले. त्यांनी एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापलं, म्हणून तर मिराशींना खोडता आलं. संस्कृत हस्तलिखितांचा त्यांचा संग्रहही आज सोसायटीतच आहे. विकून पांगला नाही, हे 1865 च्या शेअरबाजारात भाऊंना बसलेल्या फटक्यानंतर कमी नाही.

भायखळाकर
म्युझियमला तुम्ही फार लवकर निकालात काढलंत. 2003 ते 2008 या काळात पालिका, वारसा जतन करणारी इंटॅक संस्था आणि बजाज फाउंडेशन यांनी ते दुरुस्त केलं, 2005 मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. तिथे भिंती, ओतीव लोखंड, लाकूड आणि मातीच्या वस्तू, सगळ्यांवर एकाच वेळी काम करावं लागलं. भाऊंसारख्यांनी ती वास्तू उभी केलीच नसती तर यातलं काहीच झालं नसतं.

शिळाछाप
आता कामाचं बोलू. गडांवर आणि देवळांत आजही लेख 'नीट दिसावा' म्हणून ऑइलपेंटने अक्षरं भरतात, वर शेंदूर चढतो. पेंट खाचेच्या तळाशी बसला की ठसा उथळ येतो आणि रंग काढायला रसायन वापरलं तर दगडाचा थर सुटतो. केंद्रीय संरक्षित वास्तूत पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय ठसाही घेऊ नका. आधी फोटो काढा: कॅमेरा तिपाईवर पक्का, दिवा आठ-दहा दिशांनी तिरपा, प्रत्येक चौकटीत मोजपट्टी.

मोडीवाला
हे मान्य. पण मग पाटण्याला फलक लावायचा झाला तर भाऊंच्या नावापुढे 'शोधक' लिहा, 'संवर्धक' नको.

भायखळाकर
आणि जुनागढला लावाल तर भगवानलालांचं नाव वरच्या ओळीत हवं.