कुत्र्याचं पिल्लू रात्री दोनदा उठवतं, काय करावं?

प्रश्न: तीन महिन्यांचं पिल्लू रोज १ आणि ४ वाजता रडतं. रात्रभर कसं झोपेल?

उत्तर १: या वयात लघवी फार तर चारेक तास धरवते, त्यामुळे एक फेरी होणारच. शेवटचं जेवण झोपण्याआधी ३ तास द्या, निजताना शू करवून आणा. पाणी मात्र तोडू नका.

उत्तर २: रडायच्या आधीच, पाऊण वाजता, गजर लावून तुम्हीच उठवा. दर ३-४ दिवसांनी गजर १५ मिनिटं पुढे ढकला. बाहेर नेताना दिवा मंद ठेवा, बोलू नका, खेळ तर नकोच. नाहीतर रडलं की माणसं खेळायला येतात, हे ते लगेच शिकतं.

उत्तर ३: अंथरूण पलंगाशेजारी ठेवा, एकटेपणानंही रडतात. थोडी थोडी लघवी वारंवार होत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.