सीपीआरची परीक्षा: पंचवीस प्रश्न पुरेत की हात चालवून दाखवायचा?

मोजपट्टी:
"सीपीआरची (हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून आणि श्वास देऊन करायच्या प्रथमोपचाराची) प्रात्यक्षिक परीक्षा बंद करा, २५ बहुपर्यायी प्रश्न पुरेत, ४० जणांच्या तुकडीत एकेकाला सरावाच्या पुतळ्यावर बसवायला वेळ कुठे असतो," असं काल इथे एका प्रशिक्षकांनी लिहिलं. वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

'दाब किती खोल?' यापुढे '५ ते ६ सेंमी' वर खूण करणं वेगळं आणि तेवढं दाबणं वेगळं. परीक्षेत हातांचं काय होतं ते बघा. कोपरं वाकतात, मग खांद्यांचं वजन छातीपर्यंत पोचतच नाही. वेग मिनिटाला १००-१२० हवा, तो १४० वर जातो, आणि वेग चढला की खोली घटते. दोन दाबांच्या मध्ये तळवा छातीवर रेललेला राहतो. छाती पूर्ण वर आली नाही तर हृदयात रक्त भरणार कसं? यातली एकही चूक कागदावर उमटत नाही.

शिवाय चाचणी पूर्ण २ मिनिटांची हवी. पहिले ३० सेकंद बहुतेक जण नीट दाबतात. मिनिटभरानंतर दाब उथळ व्हायला लागतो आणि दाबणाऱ्याला ते जाणवतही नाही.

शब्दप्रामाण्य:
ते लिहिणारा मीच. हिशोब करा: २ मिनिटं चाचणी, पुसणं-बदलणं धरून माणशी ५ मिनिटं. ४० जणांना एका पुतळ्यावर ३ तास २० मिनिटं लागतात. मग शिकवायचं कधी?

आणि खरी चूक दाबण्याच्या आधी होते. हृदय थांबलेला माणूस सुरुवातीला अधूनमधून आचके देतो, जबडा हलतो. त्याला श्वास समजून लोक नुसते बघत राहतात. ही पारख चित्रफीत दाखवून, प्रश्न विचारून तपासता येते. पुतळा आचके देत नाही.

मोजपट्टी:
चार पुतळे आणि चार परीक्षक ठेवा, ५० मिनिटांत होतं. वेळ नाही म्हणून मोजायचंच नाही, हे मला मान्य नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या बीएलएस या जीवरक्षणाच्या अभ्यासक्रमात लेखीला ८४ टक्के लागतात, पण प्रात्यक्षिकही उत्तीर्ण व्हावंच लागतं. आचक्यांचा मुद्दा मात्र बरोबर. तो लेखीत राहू द्या.

तीसास_दोन:
दोघांचंही एक सुटतंय. प्रात्यक्षिक म्हणजे पाठांतर झालंय. "परिसर सुरक्षित आहे, प्रतिसाद नाही, मदत बोलवा, एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) आणा" हे एका सुरात म्हटलं की गुण. परीक्षकाने गप्प बसावं. पुतळा खुर्ची आणि भिंतीच्या फटीत ठेवावा; उमेदवार त्याला मोकळ्या जागी ओढतो का ते बघावं. छाती ओली करावी. पुसल्याशिवाय एईडीचे पॅड लावले तर अनुत्तीर्ण. एक पॅड उजव्या कॉलरबोनखाली, दुसरा डाव्या काखेखाली बरगड्यांवर. दोन्ही समोर जवळजवळ चिकटवणारे बरेच असतात.

आणि श्वास देणं चाचणीतून काढूनच टाका. रस्त्यावर अनोळखी माणसाला तोंडाने श्वास कोण देतो? नुसते दाब तपासा.

शुश्रूषा:
हे अजिबात चालणार नाही! अप्रशिक्षित माणसाने, मोठं माणूस अचानक कोसळल्यावर, फक्त दाब द्यावेत हे ठीक. आपण प्रमाणपत्र कोणाला देतोय? बुडालेला माणूस, गुदमरलेला, लहान मूल, यांच्या रक्तातला प्राणवायू आधीच संपलेला असतो. तिथे श्वास न देता दाबलं तर कोणतं रक्त फिरवणार आहात? एकतर्फी झडपेचा मास्क हातात द्या आणि ३०:२ (३० दाब, मग २ श्वास) तपासा.

तीसास_दोन:
मास्क खिशात घेऊन कोणी फिरत नाही. श्वासांच्या नादात दाब थांबतात, त्याचं काय? डोकं पुरेसं मागे झुकवलेलं नसतं, छाती वर येत नाही, मग तिसरा, चौथा प्रयत्न. तोवर १५-२० सेकंद जातात.

शुश्रूषा:
म्हणूनच तर तपासायचं! दोन प्रयत्न, छाती उठो न उठो, परत दाब. थांबणं १० सेकंदांच्या आत. प्रत्येक श्वास सुमारे १ सेकंद, छाती उठेल इतकाच. जोरात फुंकला तर हवा पोटात जाते आणि उलटी श्वासनलिकेत. चुका होतात म्हणून विषय गाळायचा, हा कसला न्याय?

शब्दप्रामाण्य:
आधी पुतळे तरी तपासा. आतली फुप्फुसाची पिशवी फाटलेली असते; उमेदवार सगळं बरोबर करतो, छाती उठत नाही, आणि नापास तो होतो. स्प्रिंग सैल झाली की ४ सेंमीवरही पुरेशा खोलीचा टिक आवाज येतो. असल्या यंत्रावर माणसाचा निकाल लावता आणि मला लेखीवरून बोलता.

मोजपट्टी:
हे मान्य करावंच लागेल. टिक आवाज परीक्षेत बंदच ठेवायला हवा, नाहीतर उमेदवार आवाजाच्या मागे दाबतो. खोली आणि वेग पडद्यावर दाखवणारा पुतळा असेल तर पडदा परीक्षकाकडे वळवा. तसा पुतळा नसेल तर निदान वेग घड्याळावर मोजा: ३० दाब १५ ते १८ सेकंदांत. छाती पूर्ण वर येते का, हे बाजूने गुडघ्यावर बसून बघा. उभं राहून दिसत नाही.

शब्दप्रामाण्य:
ठीक. लेखी आधी, त्यात गाळणी, मग २ मिनिटांचं प्रात्यक्षिक. पण प्रमाणपत्र २ वर्षांचं आणि हात काही महिन्यांतच विसरतात. सहा महिन्यांनी पुन्हा २ मिनिटं दाबून घेणार असाल, तरच मी माझी ५० मिनिटं देतो.

तीसास_दोन:
मुलांसाठी आणि बुडालेल्यांसाठी श्वास तपासा, तिथे विरोध नाही. मोठ्यांच्या चाचणीत मी अजूनही नको म्हणतो.

शुश्रूषा:
बुडालेला मोठा असेल तर?