पीक विचारलं की डाळ ऐकू जाते, दोष जिभेचा का कानाचा?

अनगोळ_नाका
हसू नका. घर मराठी, पण जन्मलो वाढलो बेळगावात, कन्नड रोजचं. माझं खताबियाणांचं दुकान, आलेल्या शेतकऱ्याला पीक कसं आहे विचारावंच लागतं. आता कन्नडमधे बेळे आखूड म्हटलं तर पीक आणि बेऽळे लांबवलं तर डाळ, आणि मी म्हणे कायम डाळच विचारतो. परवा एक अज्जा म्हणाला, "चांगली शिजलीय, या जेवायला." माझी पोरगी तीन वर्षांची, दिवसभर शेजारच्या कन्नड आजीकडं असते, ती दोन्ही बरोबर म्हणते आणि वर मलाच शिकवते. मी दहादा ऐकलं तरी मला सारखंच वाटतंय. जीभ जड झाली म्हणायची का कान गेला?

निपाणीवाली
कान ठणठणीत आहे दादा, सगळा खेळ डोक्यातला (राग मानू नका). मराठीत ए आखूड केला काय लांबवला काय, अर्थ बदलत नाही, मग मेंदू लहानपणीच ठरवतो की हिकडं लक्ष द्यायचं नाही. कॅनडात वर्कर आणि टीस या दोघांनी इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले होते, १९८४ चा पेपर आहे. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळायचा, दहा-बारा महिन्यांच्या बहुतेकांना कळेना. वर्ष भरायच्या आत कान घरच्या भाषेला बसतो. तुमच्या पोरीला घरं दोन मिळाली, एवढंच.

जुना_मास्तर
असेल, पण मोठेपणी येतच नाही हे पटत नाही. मी खानापूर भागात शिकवलं. कन्नड घरातली पोरं 'चार' आणि 'चारा' दोन्हीतला च एकच म्हणायची, तो दाताजवळचा च कन्नडला नाहीच. चौथीपर्यंत बऱ्याच जणांचा सुधारायचा. सवय हो, दुसरं काय.

निपाणीवाली
मास्तर, चौथीतलं पोर आणि चाळिशीतला बाप यात फरक आहे की हो. येतं, पण घाम काढून येतं.

खानापूर_रोड
हे एकट्या मराठीवाल्याचं नाही. आमचा गाडीचा मेस्त्री बस्सु, कारु, पेन्नु म्हणतो. मी विचारलं उ कशाला लावतोस, तर म्हणतो मी कुठं लावला? त्याला ऐकूच येत नाही! कन्नडमधे शब्द बहुतेक स्वरावरच संपतो, व्यंजनावर सोडला की लंगडा वाटत असणार. जपानी लोकांवर तर प्रयोगच झालाय, दुपू आणि त्याच्या साथीदारांचा, १९९९ चा. 'एब्झो' असा बिनअर्थाचा शब्द लावला तर त्यांना 'एबुझो' ऐकू येतं, टेपवर नसलेला उ. आपण तरी कुठं शहाणे, माझी आजी शेवटपर्यंत इष्टेशनच म्हणाली.

आणि हे असं ऐकणं पिढ्यान्पिढ्या साचलं की भाषाच बदलते. बाजारात हत्तु रुपाय ऐकता ना, तमिळमधे दहाला पत्तु. दूध तिकडं पाल, इकडं हालु. कन्नडमधे पण आधी प च होता, दहाव्या शतकातल्या पंप या कन्नड कवीच्या काव्यात प आहे, पुढच्या तीनचारशे वर्षांत शब्दाच्या सुरवातीला त्याचा ह झाला. ओठ पुरते मिटले नाहीत की नुसती हवा सुटते, ऐकणाऱ्याला तेवढी फुंकर कळते आणि पोरं तीच उचलतात. जॉन ओहाला नावाच्या ध्वनिशास्त्रज्ञाचं म्हणणंच हे होतं, की बोलणाऱ्याच्या आळसाला किती नावं ठेवाल, बदलाचं मूळ पुष्कळदा ऐकणाऱ्याच्या समजुतीत असतं. आपलंच बघा, हिंदीवाले हाथ, भूख म्हणतात, आपण हात, भूक. पुढं स्वरच नाही तर थ ची हवा ऐकू जाणार कशी?

जुना_मास्तर
मग जीभ ची जीब का नाही झाली?

खानापूर_रोड
झालीय की मास्तर, आमच्या गल्लीत सगळे जीबच म्हणतात. भ फक्त वहीत.

अनगोळ_नाका
सगळ्यांचे आभार. पोरीनं चार दिवस शिकवणी घेतली, अजून पन्नास टक्के डाळच जाते. काल एक शेतकरी आला तर मी त्या बेळेचा नादच सोडला, 'पीकु हेंग ऐति' (पीक कसं आहे) विचारलं, पीक ला उ लावून. म्हणाला छलो ऐति (चांगलं आहे), आणि दोन पोती युरिया घेऊन गेला.