अनुभव धागा: 'मेरी ख्रिसमस' म्हणता की 'हॅपी हॉलिडेज'?

डिसेंबर लागला की अमेरिकेत हा वाद ठरलेला: नाताळचं नाव घेऊन शुभेच्छा द्यायच्या, की कुठल्याच सणाचं नाव न घेता 'हॅपी हॉलिडेज' म्हणायचं? 2015 साली स्टारबक्स या कॉफी कंपनीने नाताळच्या दिवसांत नुसता लाल कप काढला, त्यावर ना झाड ना हिमकण, तर केवढा गदारोळ झाला! पुढे ट्रम्प यांनी प्रचारसभांतून 'मेरी ख्रिसमस' परत आणायचं आश्वासन दिलं. ऐकणाऱ्याला वाटावं, तटस्थ शुभेच्छा हे हल्लीचंच खूळ आहे. पण राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या व्हाइट हाउसमधून 1950च्या दशकातच सणाचं नाव न घेणारी 'सीझन्स ग्रीटिंग्ज'ची कार्डं जात होती. आणि 1659 ते 1681 या काळात मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन, म्हणजे कर्मठ ख्रिश्चन, मंडळींनी ख्रिसमस साजरा करणाऱ्याला चक्क पाच शिलिंग दंड ठेवला होता!

माझं मत सांगून टाकते. समोरच्याचा सण माहीत असेल तर त्याचं नाव घ्यावं. माहीत नसेल तर 'हॅपी हॉलिडेज' उत्तम, त्यात कुणाचा अपमान नाही. आता तुम्ही लिहा. घडलेलं लिहा, कंपन्यांची नावं नकोत.

जर्सीची ताई: मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. 'हॅपी हॉलिडेज'च म्हणायचं, अशी वरून सूचना. एक आजोबा त्यावर तडकले, "मेरी ख्रिसमस म्हणा!" म्हटलं, त्यात काय. त्यांच्या मागे एक ज्यू आजी उभ्या होत्या, हातात हनुका या त्यांच्या सणाच्या मेणबत्त्यांचा डबा. मी डबा स्कॅन करत असताना त्यांनी हिशेब समजावला: आठ रात्री, रोज एक वाढवायची, शिवाय बाकीच्या पेटवायला रोज एक वेगळी, म्हणून डब्यात 44. "हॅपी हनुका" म्हटल्यावर काय खुलल्या! पण तो डबा हातात नसता तर मला कसं कळणार होतं? म्हणून मला ती सूचना पटते.

क्वीन्सकर: मला नाही पटत. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांना दिवाळीची सुट्टी मिळावी म्हणून आपल्या लोकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. 2023 मध्ये कायदा झाला, 1 नोव्हेंबर 2024 ला शाळा पहिल्यांदा बंद राहिल्या. कॅलेंडरवर 'दिवाळी' असं नावानिशी छापलेलं बघून आईचे डोळे भरून आले होते. आपल्याला आपल्या सणाचं नाव हवं, मग ख्रिश्चनांच्याच सणाचं नाव का पुसायचं?

निनावी: आमच्या टीममधला एकजण यहोवाज विटनेसेस पंथाचा. ना नाताळ, ना वाढदिवस. त्याला आम्ही "मस्त आराम कर" म्हणतो. तोही खूश.

टेक्ससचे मास्तर: आमच्याकडे 2013 पासून कायदाच आहे. सरकारी शाळेत 'मेरी ख्रिसमस', 'हॅपी हनुका', 'हॅपी हॉलिडेज', काहीही म्हणायला मुभा. त्यामुळे शिक्षकांच्या खोलीतली भीती गेली. मुलांना तर काहीच अडचण नसते, ती एकमेकांना सगळंच म्हणतात.

वसईची लेक: माझं दुखणं वेगळंच आहे. मी वसईची, ख्रिश्चन. इथे नर्स आहे. वॉर्डात सगळ्या एकमेकींना 'मेरी ख्रिसमस' म्हणतात आणि माझ्यापाशी आल्या की आवाज बदलून, जपून 'हॅपी हॉलिडेज'. दिवाळीला मात्र न चुकता 'हॅपी दिवाळी'! दिवाळीचं वाईट वाटत नाही हो, गावी शेजारच्या काकूंचा फराळ खाऊनच मोठी झाले. पण माझा रंग आणि देश बघून माझा सण त्यांनीच ठरवून टाकला, हे लागतं. गेल्या वर्षी नव्या मुलीने सरळ विचारलं, "तुमच्या घरी डिसेंबरमध्ये काय असतं?" मी मध्यरात्रीची चर्चमधली मिस्सा, करंज्या, येशूजन्माचा गोठा, सगळं सांगत बसले. ड्यूटी संपताना ती मोठ्याने "मेरी ख्रिसमस" म्हणाली, तेव्हा बाकीच्यांना कळलं.

क्वीन्सकर: ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या मंडळाच्या डिसेंबरच्या पत्रात यंदा 'नाताळच्या शुभेच्छा' घालतो. आपल्यातही ख्रिश्चन घरं आहेत.