आईचा गुडघा सुजलाय आणि ती अंगावर काढतेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

आई 64 वर्षांची. वाईजवळ गावी आई-बाबा दोघंच असतात, मी पुण्यात. आईला 10 वर्षांपासून शुगर आहे, बीपीची गोळीही चालू आहे. उजवा गुडघा दोनेक वर्षं कुरकुरतोय. सकाळी पाच-दहा मिनिटं आखडलेला असतो, चार पावलं चालली की मोकळा होतो. जिना उतरताना जास्त दुखतो. गावात घरटी एक असा गुडघा आहे, त्यामुळे तिने कधी मनावर घेतलं नाही. खरं सांगायचं तर मीही नाही. देवघरासमोरचा पाट जाऊन तिथे स्टूल कधी आलं, तेही मला आठवत नाही.

मागच्या आठवड्यात हळदीची काढणी होती. मी नको म्हणत असताना दोन दिवस उकिडवी बसून गड्डे मोडत होती. "बाया मिळत नाहीत, मग तू येतेस का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गुरुवारी गुडघा सुजला. आज दुपारी मी पोचले तर लुगडं वर करून दाखवायलाही तयार नव्हती. पाहिलं तर वाटीचा आकारच दिसत नाही, दोन्ही बाजूंचे खळगे भरून आलेत. हात लावला तर डाव्यापेक्षा चांगलाच गरम. मघाशी संडासला जायला पलंगाची कड धरून उठली आणि पाऊलच टाकता येईना. बाबांनी आणि मी दोन्हीकडून धरून नेलं. आमच्याकडे कमोड नाही, पुढचं लिहीत नाही.

आतापर्यंत निर्गुडीच्या पाल्याचा शेक झाला, एरंडाचं पान बांधून झालं. मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी दिवसातून तीनदा चालू आहे. शिवाय बाजाराच्या दिवशी येणाऱ्या एका माणसाच्या पांढऱ्या पुड्या घेते, त्याने "तासाभरात पाय हलका होतो" म्हणे. ताप 99 आहे.

तिचं म्हणणं, गुडघे झिजलेत, डॉक्टर ऑपरेशनच सांगणार, मग जायचं कशाला? आज शनिवार, रात्रीचे साडेनऊ. सोमवारपर्यंत थांबलं तर चालेल का?

रानजाई
बोकडाच्या पायांचं सूप द्या, माझ्या सासूबाई त्यावरच चालत्या झाल्या. काळजी नको.

शेवटची_पायरी
ताई, सूप नंतर. मी डॉक्टर आहे, हाडांचा नाही, पण हे सांगायला तेवढं पुरे. सोमवारपर्यंत थांबू नका.

झिजलेला गुडघा वर्षानुवर्षं हळूहळू दुखतो. तो दोन दिवसांत इतका सुजून गरम होऊन पाऊल टाकू देत नसेल, तर "झीजच आहे" असं गृहीत धरायचं नाही. त्यात शुगर. सांध्यात जंतूंमुळे पू झाला असेल, तर कूर्चा (हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी) काही दिवसांत खराब होते आणि जंतू रक्तात पसरले तर जिवावर बेततं. कदाचित तसं नसेलही. युरिक अॅसिडचे किंवा कॅल्शियमचे खडे सांध्यात साठले तरी गुडघा असाच अचानक फुगतो. पण बाहेरून बघून यातलं काय आहे ते मलाही सांगता येणार नाही. सुईने पाणी काढून तपासावं लागतं, आणि ते शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्याआधी.

ताप 99च आहे म्हणून निर्धास्त राहू नका. असल्या पुड्यांमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड आणि वेदनाशामक कुटून घातलेलं असतं. त्याने ताप दबतो आणि शुगर चढते. शुगर मोजलीत का? पुडी सोबत न्या आणि किती महिने घेतेय ते खरं सांगायला लावा. बरेच दिवस चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करणंही घातक असतं. मेडिकलची गोळी मात्र आत्ताच थांबवा. बीपी, शुगर आणि वरून तीन वेळा वेदनाशामक हे किडनीला झेपत नाही. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करून घ्या.

पोटरी सुजलीय का तेही बघा. सुजून दुखत असेल तर रक्ताच्या गुठळीचा विचार करावा लागतो.

शेवटची_पायरी
आणि हो, शेक बंद. गरम सांध्याला आणखी गरम कशाला? बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. गाडीत पाय लांब करून बसवा.

मूळ धागाकर्ती
शुगर 318. मीटर घरात होतं, सेल संपलेले, रिमोटचे काढून घातले. पोटरी ठीक वाटतेय. पुड्या दिवाळीपासून घेतेय!! बाबांनाही माहीत नव्हतं. निघतोय साताऱ्याला.

ताकपिठं
आमच्या आत्यालाही असंच "आज बघू, उद्या बघू" चाललेलं. पोचलात की कळवा.

मूळ धागाकर्ती
चार दिवसांनी लिहितेय, माफ करा. रात्रीच गुडघ्यातून पाणी काढलं. मोठी सिरिंज भरून गढूळ पिवळं निघालं. मी बघू शकले नाही, आई मात्र बघत होती आणि नर्सला म्हणाली, "हळदीचंच पाणी दिसतंय." पाणी काढल्यावर दुखणं निम्म्याने उतरलं. तपासणीत जंतू वाढले नाहीत, कॅल्शियमचे खडे सापडले. तीन दिवस ठेवून घेतलं, कारण शुगर खाली येईना आणि त्या पुड्यांचं प्रकरण निस्तरायचं होतं. आता स्टेरॉइडच्या मोजलेल्या गोळ्या दिल्यात, हळूहळू कमी करत बंद करायच्या आहेत. उभं राहून काढलेल्या एक्स-रेमध्ये झीज आहेच, पण ऑपरेशनचं नावही कुणी काढलं नाही. मांडीचे स्नायू पार गेलेत म्हणाले. शेवटची_पायरी, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

कुबडी_ते_काठी
मी फिजिओथेरपिस्ट. सूज उतरल्यावर व्यायाम सुरू करायला सांगतील, एवढ्यात उठाबशा नकोत. सुरुवात अशी: पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती गुडघ्याने खाली दाबून पाच आकडे मोजायचे. दहादा, दिवसातून तीन वेळा. व्यायाम झाला की गुंडाळी काढून टाका. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायची सवय लागली तर पाय वाकलेलाच राहतो, सरळ होत नाही.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. संडासवर प्लास्टिकची कमोड खुर्ची ठेवा, सर्जिकलच्या दुकानात मिळते. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो, हे त्यांना सांगा. पेशंटना हा हिशेब पटकन पटतो.

काठी दुखऱ्या बाजूला नाही, दुसऱ्या हातात. उजवा गुडघा तर काठी डाव्या हातात. बरेच लोक चुकीच्या हातात धरतात.

मूळ धागाकर्ती
कमोड खुर्ची आली, टॉवेलची गुंडाळीही चालू आहे. आकडे ती मोठ्याने मोजते, पाचाऐवजी तीनवरच थांबते. हळदीचं उरलेलं काम बाबांनी रोजावर दिलं.

अडलंय ते काठीवर. "अजून म्हातारी झाले नाही" म्हणून दाराआड ठेवून दिलीय आणि भिंत धरून चालते. तुमच्या घरी कुणी काठी घ्यायला तयार झालं असेल, तर कसं केलंत ते सांगा.